डबा खाली आहे

मी आणि मंदानं गॅरेजमध्ये मिळून केलेलं शेवटचं साधंसुधं काम म्हणजे एका गाडीच्या रेडिएटरचं पाणी काढणं. पुढं संसार झाला, दोन मुलं झाली, घरं बदलली, सगळं झालं. पण मनात काही न येता दोघांनी मिळून काही ओतलं, असं त्यानंतर कधी झालं नाही. अगदी भाताची पेज निथळायची असली तरी ती एकदा माझ्याकडं बघायची आणि मी भांड्याकडं. आता ती नाही. आठ महिने झाले. मुलगी म्हणाली, बाबा, नुसते बसून राहता, वहीत लिहा काहीतरी. मी सातवी पास माणूस, लिहिणार काय. पण हे एवढं एक लिहून ठेवलं पाहिजे. खरं तर ते मंदानं लिहायला हवं होतं, कारण त्या दिवशी शहाणपण सगळं तिच्याकडं होतं आणि माझ्याकडं नुसती भीती.

तेव्हा आम्ही फरीदाबादला दादाकडं राहायचो. दादा माझा थोरला भाऊ, ट्रॅक्टरच्या कारखान्यात फिटर. वडील गेल्यावर सतराव्या वर्षी त्यानं मला नगर जिल्ह्यातून उचलून तिथं नेलं आणि हातात पाना दिला. दोन खोल्या, पुढं पत्र्याची शेड आणि शेडमध्ये दादानं स्वतः खणलेला खड्डा. त्यात उतरलं की वर गाडीचं पोट दिसायचं. दादा कारखान्यात गेला की दिवसभर शेड माझी, संध्याकाळी दोघांची. पहाटे कारखान्याचा भोंगा, मग शेजारच्या म्हशीचं हंबरणं, मग वहिनीचा स्टोव्ह. ज्वारी तिकडं मिळत नव्हती म्हणून बाजरीची भाकरी, ठेचा आणि कसलीतरी पातळ भाजी. कितीही साबण लावला तरी भाकरीच्या पहिल्या घासाला ग्रीसचा वास यायचा. मी तर म्हणतो, माझ्या तरुणपणाची चव तीच.

मंदा लग्न होऊन आली ती ऐन थंडीत. उन्हाळ्यात वहिनी मुलांना घेऊन गावी गेली आणि स्वयंपाकघर तिच्या ताब्यात आलं. हिंदीचे तिला चारच शब्द यायचे. तिचा समज असा की हिंदी म्हणजे मराठीच, फक्त शेवटी 'है' लावायचं. शब्द ओळखीचा वाटला की ती बेधडक उत्तर द्यायची. मागच्या गल्लीत एक हरियाणवी म्हातारी होती, सगळे तिला ताई म्हणायचे. तिकडं ताई म्हणजे वडिलांच्या थोरल्या भावाची बायको. मंदाला वाटलं, थोरली बहीण. सत्तरीच्या बाईला सगळे बहीण म्हणतात, माणसं मोठी प्रेमळ आहेत, असं ती मला म्हणाली होती. एकदा त्याच ताईनं तिचं शिक्षण विचारलं, बहू, कितनी शिक्षा हुई है? तर ही रागावून घरात आली. मला कशाला शिक्षा होईल, मी काय चोऱ्या केल्यात? मी आठवडाभर हसलो. परवा माझी नात, गुरुग्रामच्या चौदाव्या मजल्यावर वाढलेली, मी तिला खाली ये म्हणालो तर विचारते, आजोबा, क्या खाली है? मला हसू आलं नाही. तिला काय कळणार.

आता टाकाऊ तेलाचं सांगतो, कारण खरा गुन्हा तिथं आहे. इंजिनाचं काळं तेल वाया जात नसे. स्लॅबच्या फळ्यांना लावायला बांधकामवाले न्यायचे, कुणी चौकटीला वाळवी लागू नये म्हणून डबाभर मागायचे. पण ब्रेकचं तेल, रेडिएटरचं पाणी, खड्ड्यातला गाळ, हे कुणालाच नको असायचं. ते आम्ही मागच्या नाल्यात ओतायचो. लाज वाटते, पण ओतायचो. कुठं जातं हे विचारलं नाही. डोळ्याआड झालं की संपलं. उन्हाळ्याच्या सुरुवातीला नाला काळा दिसला म्हणून गल्लीचा प्रधान, म्हणजे तिथला पुढारी, चार माणसं घेऊन आला आणि दादाला म्हणाला, फिर दिखा तो सामान सड़क पर. दादानं हात जोडले. माझ्या दादाला हात जोडताना मी पहिल्यांदा बघितलं. तेव्हापासून सगळं एका भंगारवाल्याला द्यायचं ठरलं. तो कुठं ओततो हे आम्ही त्यालाही विचारलं नाही.

त्या दिवशी सकाळी सातला, ऊन चढायच्या आत, डोंगरातून आलेली एक गाडी दुरुस्तीला घेतली. रेडिएटर गळका. मी आडवा होऊन खालची चावी फिरवली, मंदा घमेलं धरून बसली. लिटरभरच निघालं, पोपटी रंगाचं. मंदा म्हणाली, अहो, हे तर वाळ्याचं सरबत. मी बोट बुडवून जिभेला लावलं. गोड होतं. तिला म्हणालो, खरंच गं, साखरही घातलीय. ती हसली आणि तेवढ्यात दादाची चापट माझ्या मानेवर बसली. तो जेवणाचा डबा घेऊन ड्यूटीला निघाला होता. गाढवा, विष आहे ते, थंडीत पाणी गोठू नये म्हणून घालतात, एक पेलाभर पोटात गेलं तर मूत्रपिंडं बसतात, असं म्हणून तो गेला. तो दिसेनासा झाला आणि आम्ही दोघं पुन्हा हसलो. काळ्या तेलाचे दोन पत्र्याचे डबे भरलेले होते म्हणून ते पोपटी पाणी मी एका पांढऱ्या प्लास्टिकच्या डब्यात ओतलं. पाच लिटरचा, पिण्याच्या पाण्याचाच. त्यावर काही लिहिलं नाही, खूण केली नाही. तिन्ही डबे बाकाखाली सरकवले आणि रबरी नळी आणायला बाजारात निघालो. जाताना मंदाला म्हणालो, भंगारवाल्याकडून कुणीतरी येईल, डबा खाली आहे, देऊन टाक.

पुढचं मी बघितलं नाही, मंदानं नंतर जन्मभर तस्संच सांगितलं, एक शब्द इकडचा तिकडं न करता. दहाच्या सुमाराला दारात एक बाई आली. तोंडावरून ओढणी घेतलेली, त्यामुळं ही आपली ताई हे मंदानं ओळखलं नाही. आमच्या भागात हातपंपाचं पाणी खारं, डाळ शिजत नाही असलं. प्यायला टँकर. जूनमध्ये तो एक दिवसाआड यायचा आणि ज्याच्याकडं जितके डबे तितकं त्याचं पाणी. ताईला जास्तीचा डबा हवा होता. तिनं शेडमध्ये डोकावून विचारलं, "बहू, डिब्बा खाली है?"

मंदा कणीक मळत होती. तिथनंच म्हणाली, "हां, खाली है. ले जाओ."

हिंदीत खाली म्हणजे रिकामा. मंदा सांगत होती, डबा बाकाखाली आहे. दोघीही खरं बोलल्या. ताईनं वाकून बघितलं, काळे डबे सोडले आणि पांढरा उचलला. मंदाला एवढंच वाटलं की भंगारवाल्याची बायको एकच डबा का नेतेय, दुसऱ्या फेरीला येईल. आणि डब्यात लिटरभर काहीतरी हिंदकळतंय हे ताईला कळलंच असेल. पण जूनमधल्या फरीदाबादला लिटरभर पाणी कुणी ओतून देत नाही. तिनं त्यावरच टँकरचं पाणी भरून घेतलं.

मी साडेअकराला परत आलो तर दारात भंगारवाला ठेला, म्हणजे त्याची हातगाडी, लावून उभा. मिस्त्री, तीन बोले थे, दो हैं, म्हणाला. मंदा बाहेर येऊन मला मराठीत म्हणाली, यांची बायको घेऊन गेली की एक. मी त्याला विचारलं. तो म्हणाला, मेरी बीवी अलीगढ़ में है. मी मंदाला विचारलं, ती बाई काय म्हणाली ते शब्दन् शब्द सांग. तिनं सांगितलं. हातातली नळी कुठं पडली ते आठवत नाही.

गल्लीच्या टोकाला टँकर उभा होता. पन्नास-साठ माणसं आणि दोनेकशे डबे, सगळे पांढरे, सगळे पाच लिटरचे, कारण सगळ्यांनी एकाच फेरीवाल्याकडून घेतलेले. रांग लावायला खुर्ची टाकून प्रधान बसला होता. त्याला बघितलं आणि मी तोंड फिरवलं. मी एका टोकाकडून सुरुवात केली, भाईसाब, मेरा सफेद डिब्बा देखा क्या? लोक हसायला लागले. यहां सबका सफेद है, मिस्त्री, अपना नाम लिखवा लेता. मी दुसऱ्या बाजूनं गेलो, तेच विचारलं. डबा हरवलाय एवढंच सांगत होतो. डब्यात काय आहे ते सांगत नव्हतो. किती वेळ गेला? मंदा म्हणायची पाव तास. मी तिच्याशी भांडायचो, दहा मिनिटं असतील. आज लिहिताना भांडायला कुणी नाही, तेव्हा पाव तासच म्हणू. पाव तास मी मला आणि दादाच्या शेडला वाचवत फिरत होतो, आणि कुणीतरी कुठंतरी तहानलेलं होतं.

मंदा पदर खोचून माझ्यामागनं येत होती. शेवटी तिनं माझा दंड धरला. "सांगत का नाही त्यांना?"

"आधी डबा सापडू दे. प्रधान बसलाय तिथं."

"माणूस मेलं म्हणजे प्रधान काय सोडणार आहे? विषाला इथं काय म्हणतात?"

मी प्रधानाच्या खुर्चीकडं बघितलं. ती म्हणाली, "शब्द सांगा. नाहीतर मी मराठीत सांगते."

"जहर," मी म्हणालो.

ती सरळ पुढं गेली आणि टँकरच्या पायरीवर चढून उभी राहिली. नवी नवरी, सहा महिन्यांत गल्लीतल्या बाप्यांपुढं मान वर न केलेली. फार मोठ्यानं बोलली नाही. सफेद डिब्बा, हमारा डिब्बा, उसमें जहर, एवढंच, दोनदा. मग माझ्याकडं बोट केलं, म्हणजे बाकीचं ह्याला विचारा.

पहिल्यांदा कुणालाच काही कळलं नाही. मग एक बाई म्हणाली, भगतजीची घरवाली सगळ्यात पुढं होती, मिस्त्रीकडचा डबा आणलाय म्हणत होती, ती कधीच भरून गेली. म्हणजे ताई. आम्ही पळालो, पण मागं तोवर टँकरमध्येच विष आहे अशी आवई उठली होती आणि लोक भरलेले डबे रस्त्यावर ओतत होते. त्या उन्हात, त्या महिन्यात, आख्ख्या गल्लीचं पिण्याचं पाणी. पळता पळता कुणीतरी माझ्या पाठीत गुद्दा घातला. कुणी घातला ते मला अजून कळलेलं नाही.

भगतजी म्हणजे ताईचा नवरा. रेल्वेतून रिटायर झालेला, गळ्यात तुळशीची कंठी, दारू-तंबाखूला कधी शिवलेला नाही, म्हणून नाव भगत. बाजेवर बसला होता, हातात पितळी लोटा. मला बघून तोंड भरून हसला. म्हणाला, "आओ मिस्त्री. आज टैंकर का पानी बड़ा मीठा आया है. लो, पियो." आणि लोटा माझ्यापुढं केला.

तिकडं मीठा पानी म्हणजे खारं नसलेलं, चांगलं पाणी. म्हाताऱ्यानं नशीब समजून एक लोटा पूर्ण रिचवला होता आणि दुसरा अर्ध्यावर आणला होता. मी हात पुढं केला नाही, मागंही घेतला नाही. मंदानं त्याच्या हातातनं लोटा काढून घेतला आणि मातीत उपडा केला. ताई आतून पोळपाट घेऊनच बाहेर आली, हिला मारायला. तिला मी काय सांगितलं ते मला आठवत नाही, पण ती मटकन खाली बसली हे आठवतं. ती प्यायली नव्हती. आमच्यात आणि त्यांच्यातही बाई आधी पीत नाही, तेवढं बरं झालं.

भंगारवाल्याच्या ठेल्यावर घालून म्हाताऱ्याला मोठ्या रस्त्यापर्यंत नेलं, तिथून रिक्षानं सरकारी दवाखान्यात. वाटेत तो बोलायला लागला, जरा जास्तच, दारू प्यायल्यासारखा. तरुण डॉक्टरीण होती. तिनं विचारलं, कितना पिया, किती वेळ झाला, काय होतं त्यात. मी पहिल्यांदा सगळं खरं सांगितलं. ती कुणालातरी फोन करून आली आणि मला म्हणाली, यावरचं इंजेक्शन आमच्याकडं नाही, दुसरा उपाय दारू आहे, जा, ठेक्यावरून चांगली सीलबंद बाटली आण, पळत जा. मला वाटलं ती माझी थट्टा करतेय. मग तिनं तेच परत सांगितलं, रागावून. पोटात दारू असली की शरीर आधी दारूला लागतं, विषाला हात लावत नाही, विष तसंच लघवीवाटे निघून जातं, असं काहीतरी. लघवी झाली तर वाचेल, नाही झाली तर दिल्लीला न्यावं लागेल, आणि पोचेल की नाही सांगता येत नाही.

ठेका, म्हणजे दारूचं दुकान, बस अड्ड्याला लागून होता. बाटली घेतली. समोर मथुरेची बस सुरू होऊन उभी होती, कंडक्टर दार बडवत होता. आता खोटं काय लिहायचं या वयात. मी बाटली हातात घेऊन त्या बसकडं बघत उभा राहिलो. मथुरेहून गाडी मिळते, दोन दिवसांत गाव. म्हातारा मेला तर मला धरतील, दादाला धरतील. मी पायरीवर एक पायही ठेवला होता. मग आठवलं की मंदा दवाखान्यात बसलीय आणि तिला घरचा पत्ता हिंदीत सांगता येत नाही. तेवढ्यासाठी परत फिरलो. म्हातारा जगला असता काय आणि मेला असता काय, त्या क्षणी मला त्याचं काही नव्हतं. माझी बायको हरवेल, ही भीती पोलिसांच्या भीतीपेक्षा थोडी मोठी निघाली, एवढंच. मंदाला हे मी कधी सांगितलं नाही. चाळीस वर्षं राहिलो तिच्याबरोबर, आणि हे एक पोटात ठेवलं.

भगतजी दारू घेईना. त्याला सगळं समजत होतं, पण दात आवळून मान फिरवायचा. कंठी हातात धरून म्हणाला, पचास साल का नेम है, मरने दो. डॉक्टरीण समजावून थकली. वॉर्डबॉय हसायला लागला. मी ग्लास घेऊन उभा होतो. तेव्हा ताई उठली. तिनं नवऱ्याच्या गळ्यातली कंठी काढली, स्वतःच्या गळ्यात घातली, माझ्या हातातला ग्लास घेतला आणि म्हणाली, "पी ले, भगत. पाप मेरे सिर."

म्हातारा तिच्याकडं बघत राहिला. मग प्यायला. तोंड वाकडं केलं, डोळ्यांतून पाणी आलं. दर तासाला थोडी, असं डॉक्टरिणीनं सांगितलं होतं. दोन तासांनी त्याला चढली आणि तो ताईला लग्नातलं काहीतरी आठवून चिडवायला लागला. तुझ्या बापानं म्हैस दाखवली एक आणि दिली दुसरी. आजूबाजूच्या खाटांवरचे लोक हसत होते. ताई हसत नव्हती. ती खाटेखालचं रिकामं भांडं बघत होती. मंदा तिच्या शेजारी फरशीवर बसली होती, गुडघ्याला गुडघा लावून. दोघींना एकमेकींची भाषा नव्हती. ताईनं एकदा तिच्याकडं बघून विचारलं, तूने तो कहा था खाली है. मंदाला वाक्य समजलं नाही, पण कशाबद्दल आहे ते समजलं. तिनं ताईचा हात घेऊन स्वतःच्या डोक्यावर ठेवला. ताईनं तो काढून घेतला नाही.

दादा संध्याकाळी कारखान्यातून परस्पर आला. मला वाटलं मारेल. त्यानं फक्त विचारलं, डब्यावर काही लिहिलं होतंस का? मी नाही म्हणालो. तो म्हणाला, मी तरी कधी लिहिलंय. आणि भिंतीला टेकून बसला. गल्लीत काय बोलणं चाललंय ते त्यानं सांगितलं नाही, मी विचारलं नाही. ती रात्र कशी गेली ते लिहीत नाही. भांडं कोरडंच होतं एवढंच सांगतो.

उजाडता उजाडता मला डुलकी लागली होती. मंदानं खांदा हलवला. भगतजी खाटेच्या कडेला बसला होता, डोकं धरून, आणि वॉर्डबॉयच्या नावानं हाका मारत होता. वॉर्डबॉय जागेवर नव्हता. ताई म्हातारीच, तिला त्याला पेलवेना. मी उठलो, एका हातानं त्याला धरलं, दुसऱ्या हातानं भांडं लावलं. बराच वेळ काही नाही. त्याचं हाडकुळं शरीर माझ्या छातीला टेकलेलं, तोंडाला दारूचा वास. मग पत्र्यावर थेंब वाजले, आणि मग धार लागली. चांगली, खळखळून. ताईनं भिंतीकडं तोंड फिरवलं. भगतजी झाल्यावर मला म्हणाला, अब छोड़, गिरूंगा नहीं.

मी भांडं डॉक्टरिणीला नेऊन दाखवलं. तिनं मापून कागदावर काहीतरी लिहिलं आणि म्हणाली, बच जाएगा. मी तिथंच उभा राहिलो. ती म्हणाली, अब क्या है? मी विचारलं, इसे कहां डालूं? तिनं बोटानं मोरी दाखवली. मी फेनाईल मागून घेतलं, भांडं रिकामं केलं, तीनदा धुतलं, पालथं घालून निथळू दिलं आणि परत वॉर्डात गेलो.